खानावळीच्या व्हॅनमधून चंद्रकळा

माणसं मुंबई बघायला जातात. मी भांडायला गेलो होतो. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांनी माझ्याकडून समुद्राचं वर्णन ऐकण्याची आशा ठेवू नये. समुद्र मला दोनदा दिसला, तोही व्हॅनच्या खिडकीतून, आणि दोन्ही वेळा मी ड्रायव्हरवर ओरडत होतो.

आमचं येवलं एके काळी कापडाचं गाव होतं. आता गल्लीत मागांचा आवाज एका बाजूनेच येतो, दुसरी बाजू मालेगावला पॉवरलूमवर गेली. मी डोक्यावर गाठोडं घेऊन बाजारोबाजार फिरत वर आलेला माणूस. उरलेले माग चालू राहिले ते माझ्या मालावर, असं मी म्हणतो आणि विणकरही नाकारत नाहीत. त्या वर्षी दादरच्या एका दुकानदाराने संक्रांतीसाठी चंद्रकळा सांगितल्या होत्या: सुती अंग, रेशमी तांबडा काठ. काळं लुगडं वर्षातून एकदाच विकतं. संक्रांत गेली की त्याला कोणी लग्नात नेत नाही, ओटीत घालत नाही. म्हणून असा माल सांगितल्याशिवाय कोणी विणत नाही. दुकानदाराने सांगितला म्हणून आम्ही विणला. निघताना आमच्या गल्लीतला म्हातारा विणकर विठोबा साळी एवढंच म्हणाला, "हे काळं विकून आलास तर पुढला ताणा लावतो. नाहीतर माग उकलून सरपणाला घालतो."

विठोबा चेष्टा करत नाही. त्याच्या मागोमाग बाकीचेही गेले असते.

दादर

दुकानदाराला सगळे नानासाहेब म्हणतात. गोड माणूस. दुकानात पांढरीशुभ्र गादी, भिंतीवर देव, बोलणं पुण्याच्या वळणाचं. मी गठ्ठा सोडला. त्यांनी एक घडी उलगडली, काठ बोटांत धरला आणि म्हणाले, "हा पिवळा दोरा कशाला?"

आमच्या गल्लीचं लुगडं असलं की तांबड्या काठाच्या आतल्या अंगाला एक पिवळा दोरा असतो. विठोबाच्या आजापासून आहे.

"नेहमीच असतो," मी म्हटलं.

"गिऱ्हाइकाला आवडत नाही हो. आणि यंदा मिलचं काळं पातळ आलंय, धुवायला सोपं. मुली तेच मागतात." मग त्यांनी नोकराकडे पाहिलं. "पाहुण्यांना चहा सांग. चहा घ्या."

नानासाहेबांच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नाही, हे मला पूर्वीपासून ठाऊक होतं. ते चहा पाजतात. मी विचारलं, "म्हणजे माल घेणार नाही?" ते म्हणाले, "चहा घ्या ना." मी विचारलं, "शब्द दिला होता ना?" ते म्हणाले, "थंड होतोय."

मी चहा तसाच ठेवून गठ्ठा बांधला. पायरीवरून वळून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. रस्त्यावर चार माणसं थांबली, एवढं खरं. आणि नानासाहेब शेवटपर्यंत हसतच होते. तेच मला अजून डाचतं. शिवी परत दिली असती तर हिशेब मिटला असता.

लालबाग

ठरवलं, मुंबईत दारोदार आपणच विकायचं. गठ्ठे हमालाच्या डोक्यावरून किती वाहणार? गाडी हवी. दादरच्या स्टेशनाबाहेर एकाने सांगितलं, लालबागला जा, तिथे व्हॅन चार-सहा दिवसांपुरतीही मिळते. गिरणगावात गाडी महिन्याच्या कराराने कोणाला परवडणार? गणपती आणायचा, लग्नाचं सामान न्यायचं, गावी जाणाऱ्यांना बोटीवर सोडायचं. गरजा अशा दिवसांच्या, म्हणून भाडंही दिवसांचं.

गाडी निघाली सुभद्राबाईची. ही मालवणकडची बाई, विधवा, चाळीच्या तळमजल्यावर गिरणी कामगारांची खानावळ चालवते. व्हॅन पूर्वी बेकरीची होती. बाजूवर पावाचं चित्र अजून दिसत होतं, त्यावर कोणीतरी खडूने 'झालाच पाहिजे' लिहिलं होतं. सगळं वाक्य लिहायची गरज त्या दिवसांत मुंबईत कोणालाच नव्हती. मागचं दार फक्त बाहेरून उघडायचं. चालवायचा तिचा दीर, बाबल.

मी गाडीभोवती फिरलो, टायरला लाथ मारली, दाराला नावं ठेवली आणि तिने सांगितलेल्या भाड्याच्या निम्मं बोललो. बाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"गाडी व्हयी तर घेवा, नायतर वाट धरा."

"टायर गुळगुळीत झालेत, बाई."

"तुमचा डोक्याय गुळगुळीत आसा. तां चलता मां?"

पंगतीला बसलेले कामगार खो खो हसले. मी पेटलो आणि आणखी खाली उतरलो. तीही जरा उतरली. बरीच ओढाताण झाल्यावर मी म्हटलेल्या आकड्याच्या अगदी जवळ ती आली. म्हणाली, "बरा. पण दोन अटी. एक, रात्री हयंच जेवूचा. जो माझ्याकडे जेवता तेकाच मी गाडी दितंय. जेवूक येतलात म्हणजे गाडीय येतली."

कागद नाही, सही नाही, जामीन नाही. लालबागमध्ये ओळखीचा गाववाला जामीन राहतो. माझ्या गावचं तिथे कोणी नव्हतं, म्हणून माझं पोट जामीन. आमच्याकडे बैलगाडी भाड्याने देताना माणूस तीन पिढ्या विचारतो. मला हा व्यवहार आवडला.

"दुसरी अट?"

"गिरणीतली दोन जेवणां. दुपारी आणि सांजचा गाडी माझी. भांडी गेटार पोचली की परत तुमची."

तास-दीड तासाची गोष्ट, मी मनात म्हटलं, आणि लगेच हात पुढे केला. तिचा भाव मी पाडला याची मला केवढी ऐट! रात्री उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचं तिखलं पुढे आलं. मला मासे खायची सवय नाही. काट्यांशी झटत असताना बाबल म्हणाला, "येवलेकर, माश्याक भाव पाडून चलना नाय. तेका सावकाश घेवचा लागता."

गिरगाव

पहिल्या सकाळी गिरगावच्या वाड्यांमधून फिरलो. एकेका वाडीचं तोंड अरुंद, आत मोठं गाव. गॅलरीत तुळशी, खाली विहिरी, जिन्यावर रांगोळ्या. बायका नीटनेटक्या आणि चौकस. आमच्याकडे गिऱ्हाईक लुगडं अंगावर लावून बघतं. इथे एकीने उजेडात धरून दोरे मोजले. पण घेतलं नाही.

"दुपारी या," ती म्हणाली. "आता स्वयंपाक आहे. ऑफिसची, शाळेची घाई आहे. दुपारी सगळ्याजणी मोकळ्या असतो."

दुसऱ्या वाडीतही तेच, 'दुपारी या'. तिसऱ्या वाडीत मी बाबलकडे पाहिलं. त्याने सूर्याकडे पाहिलं आणि गाडी लालबागकडे वळवली.

"कुठं चाललास?"

"जेवणां."

मग कळलं की सुभद्राबाईने भाव पडू दिला तो का. ज्या वेळेला मुंबईतली बाई लुगडं विकत घ्यायला मोकळी असते, नेमक्या त्याच वेळेला गाडी तिची होती. मी पडलेला भाव बघत राहिलो आणि दुपार विकून बसलो.

शिवाय माझे गठ्ठे गाडीतच. ते उतरवायला वेळ नव्हता, म्हणून भाताची पातेली आणि बांगड्याच्या आमटीचे डबे त्यांच्याच शेजारी बसले. परळच्या गिरणीच्या गेटवर जाळीतून हात बाहेर आले, डबे आत गेले. बाबल प्रत्येकाला नावाने हाक मारत होता. मी मात्र आत बसून गठ्ठ्यांना पाठ लावली होती, सांडू नये म्हणून. सांडलं नाही. पण झाकणातून वाफ निघते आणि वाफेला कोणी अडवू शकत नाही.

परत गिरगावात गेलो तेव्हा पुष्कळ बायका दुपारची झोप काढून चहाला लागल्या होत्या. तरी काही जमल्या. एका आजीबाईंनी घडी उचलली, नाकाजवळ नेली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पिशवीतून मांजर आणलंय.

"अहो, ह्याला मासळीचा वास येतोय!"

"नवीन सुताचा वास आहे, आजी."

"नव्वद संक्रांती पाहिल्यात मी, मला शिकवू नका. सुताचा वास मला कळतो. बांगडा आहे हा."

"नव्वद नाही हो, सत्तर," मागून सून म्हणाली.

"तू गप्प बस. बांगडाच आहे."

सगळी गॅलरी हसली. मी म्हटलं, उन्हात टाकलं की जाईल. आजी म्हणाल्या, मग टाका आणि पुढल्या संक्रांतीला या. मी घडी हिसकावून घेतली. पुढच्या दोन दिवसांत वास माझ्याही आधी प्रत्येक वाडीत पोचलेला असायचा. दोन-चार लुगडी गेली, ती सर्दी झालेल्या बायांनी घेतली असावीत.

त्यात भोगीच्या आदल्या दिवशी ठाकुरद्वाराजवळ हवालदाराने गाडी अडवली. संक्रांतीला दिल्लीहून कोणी मंत्री येणार होते. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं बोलणाऱ्यांपैकी. त्यांना काळी निशाणं दाखवायची असं लोकांनी ठरवलं होतं आणि पोलिसांना काळी निशाणं जप्त करायचा हुकूम होता. हवालदाराने मागचं दार उघडलं आणि गाडीभर काळं कापड पाहून त्याच्या मिशा थरथरल्या.

"एवढी निशाणं? कारखाना काढलाय काय?"

"चंद्रकळा आहेत! संक्रांतीच्या! काठ दिसत नाही?" मी एक लुगडं त्याच्या अंगावर फेकलं. बाबलने डोळे मिटले. हवालदाराने ते उलगडलं, पदर पाहिला, काठ पाहिला.

"हं. निशाणाला काठ नसतो," तो म्हणाला. घडी करताना नाक आक्रसलं. "वास कसला येतोय?"

"जेवणाचा!" मी ओरडलो.

"जा. बाईमाणसाच्या लुगड्याला मी काय करणार."

परळ, लालबाग

त्या संध्याकाळी मी सुभद्राबाईशी भांडलो. नीट, मनापासून भांडलो. म्हटलं, तुझ्या बांगड्याने माझा माल नासला. माझ्या गावाकडचे माग उद्या सरपणात जातील. हा विणकर, ती गल्ली, तो दादरचा गोडबोल्या, सगळं तिच्यासमोर ओतलं. येवल्यात आता घरोघर मांजा सुतताहेत, आमच्याकडे संक्रांतीचे तीन दिवस गच्च्यांवरून कोणी उतरत नाही, हलगी वाजत असते, आणि मी इथे तुझी पातेली राखतोय! शेवटी हवालदाराचंही सांगितलं, की तोसुद्धा नाक मुरडून म्हणाला, बाईमाणसाच्या लुगड्याला मी काय करणार.

खानावळीत चाळीतल्या बाया भोगीच्या भाजीचे वाटाणे सोलत बसल्या होत्या. वाटाणे थांबले.

"काय म्हटल्यान हवालदारान? परत सांगा," सुभद्राबाई म्हणाली.

मी परत सांगितलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. संक्रांतीच्या मोर्चात त्या सगळ्या जाणारच होत्या. सकाळीच त्यांच्या चाळीतून काळी फडकी पोलिसांनी काढून नेली होती, छत्र्यासुद्धा बघत होते.

"दाखवा तां लुगडा," सुभद्राबाई म्हणाली. तिने घडी नाकाला लावली. "हो वास? हो तर घरचो वास!"

त्यांच्यात डिलाइल रोडच्या चाळीतल्या कांताबाई होत्या, गिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात काम करणाऱ्या. त्यांच्या घराने बौद्ध धम्म घेतला होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्ही संक्रांत सोडली, भाऊ. सणाला मी हे नेसणार नाही. निषेधाला नेसेन."

"कशालाही नेसा," मी म्हटलं, "पण नेसा."

माझ्यातला व्यापारी जागा झाला होता. गरज दिसली की भाव चढतो, हे मी बाजारोबाजार शिकलो. मी नानासाहेबांना सांगितलेल्या भावाच्या वर बोललो. मग सुभद्राबाईने पाट ओढला आणि माझ्यासमोर बसली.

"येवलेकर, परवा संक्रांत. तेच्या दुसऱ्या दिवशी हे काळे लुगड्याक कोण विचारतलो?"

"कोणी नाही."

"आणि वास आसा म्हणान तुम्हीच बोंबाललात. सगळ्यांनी आयकला."

"बाई, तुझ्याच आमटीचा—"

"आमटी माझी, वास तुमचो. निम्म्यात."

मी उठलो, बसलो, पगडी असती तर आपटली असती. मी भाव पाडायला निघालेला माणूस. माझाच भाव कोणी पाडलेला मी कधी पाहिला नव्हता. ओरडून झालं, विठोबाची शपथ घेऊन झाली. कांताबाई मध्ये पडल्या. म्हणाल्या, "सुभद्रे, विणणाऱ्याचं पोट मारू नको. आम्हीही सूतच काढतो." मग भाव अशा जागी ठरला की विणकरांची मजुरी सुटली, ताण्याचं सूत सुटलं, आणि मला उरला फक्त घसा बसलेला.

"ठीक," मी म्हटलं. "पण माझी एक अट. मोर्चा दादरच्या त्या दुकानासमोरून गेला पाहिजे."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बाबल दारातून म्हणाला, "येवलेकर, मोर्चो शिवाजी पार्काक जातलो. दुसरो रस्तोच नाय."

म्हणजे फुकट मिळणार होतं तेही मी विकत घेतलं.

पुन्हा दादर

संक्रांतीच्या दिवशी गाडीचं भाडं देऊन मी व्हॅन घेतली ती लुगड्यांविना. तीत पाण्याची पिंपं होती, मोर्चासाठी. पुढे बाया चालत होत्या. लालबागपासून परळ, परळपासून दादर, प्रत्येक चाळीच्या तोंडाशी काही नव्या येऊन मिळत होत्या. माझी चंद्रकळा नेसलेल्या सगळ्यांत पुढे. काष्टे घट्ट मारलेले, पायात चपला नाहीत, हातात तिळगुळाच्या वाट्या. पोलीस दोन्ही बाजूंना उभे होते. निशाण कुठेच नव्हतं. सणाच्या दिवशी सण नेसून बाया चालल्या होत्या आणि त्यांच्या गळ्यातून 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' निघत होतं. ठाकुरद्वारचा तो हवालदार मला दादरच्या पुलावर बंदोबस्ताला दिसला. त्याने गाडीकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला.

आकाशात चार-दोन पतंग होते. आमच्याकडे त्या वेळी आभाळ दिसत नसेल. पण मला गाव आठवलं ते तेवढंच. माझं सगळं लक्ष दुकानाकडे होतं.

दुकानाचं लोखंडी शटर खाली होतं. मोर्चा येतो म्हटल्यावर सगळा बाजारच बंद. मी केवढ्या तयारीने आलो होतो! नानासाहेब गादीवर बसलेले असतील, समोरून हे सगळं जाईल आणि ते हसायचे थांबतील, एवढंच मला हवं होतं. मी बाबलला थांब म्हटलं, उडी मारली आणि शटरवर मुठी हाणल्या.

आतून घाबरा आवाज आला, "दगड मारू नका हो! आमचाही पाठिंबा आहे!"

"दगड नाही. मी आहे, येवल्याचा."

"कोण?"

"ज्याचा चहा थंड झाला तो."

मग शटर वीतभर वर झालं. आत अंधार. नानासाहेब जमिनीवर वाकून बाहेर बघत असावेत. मला त्यांची चार बोटं तेवढी दिसत होती. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, मोर्चा दिसत नव्हता, घोषणा देणारी तोंडं दिसत नव्हती. वीतभर फटीतून दिसत होते ते फक्त पाय आणि पायांवरचे काठ. तांबडे काठ, त्यांच्या आतल्या अंगाला एक पिवळा दोरा. एकामागून एक, ओळीने, संपतच नव्हते.

माणूस कापडातला होता, हे मी कधीच नाकारलं नाही.

"हा... हा आपलाच दोरा," फटीतून आवाज आला.

"आपला नाही. आमचा."

"केवढ्या आहेत हो! किती शिल्लक आहेत तुमच्याकडे? एरवी आजनंतर काळं कोणी घेत नाही, पण हे पाहून हळदीकुंकवालाही बायका हेच मागणार. थांबा, मी शटर उघडतो, बसून बोलू. पुढल्या वर्षीचंही बोलून टाकू."

वर्षभराची हमी तिथे बोटाच्या अंतरावर होती. ती घ्यायची असते हे मला कळत नव्हतं असं नाही. समोरून कांताबाई गेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, घोषणा देत होत्या. त्यांच्या काठाला रस्त्याची धूळ लागली होती.

"नानासाहेब," मी वाकून फटीत तोंड घालून म्हटलं, "चहा घ्या."

आणि शटर पायाने खाली दाबलं.

येवल्याला पोचलो तेव्हा पतंग संपले होते, तारांवर फाटके लोंबत होते. विठोबाला मजुरी दिली. त्याने विचारलं, "दुकानदार काय म्हणाला?" मी सगळं सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. "नाही म्हणालास? डोकं तुझं नेहमी चुलीवर. मग पुढल्या वर्षी विकणार कुठं?"

"लालबागला गाडी मिळते. दिवसांच्या भाड्याने."

त्याने गठ्ठ्याचं रिकामं बांधणं उचललं, नाकाजवळ नेलं आणि दूर धरलं.

"हा वास कसला?"

"घरचा," मी म्हटलं. "काळं लाव."

त्याने आणखी थोडा वेळ मला शिव्या दिल्या. मग मागावर जाऊन बसला.